याची शाकारणी कोण करतं?

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड, बॉथेल आणि आसपासच्या सगळ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एकाच माणसाला लिहायचं होतं. पण तो कोण हे मला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांना लिहिते आहे.

गेल्या सप्टेंबरात आम्ही फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी वनखात्याच्या, एका जुन्या केबिनमध्ये दोन रात्री राहिलो. कुठली केबिन ते मुद्दाम सांगत नाही. अख्ख्या ओंडक्यांची, दोन खोल्यांची, 1930 च्या दशकात बांधलेली. सामान आत ठेवत होते, तेवढ्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा खिडकीपाशी ओरडला, "आई, इथे मराठी लिहिलंय!" तो रविवारच्या मराठी शाळेत जातो, नुकती जोडाक्षरं वाचायला लागला आहे. खिडकीच्या चौकटीवर चाकूने कोरलेली दोन नावं त्याने बोट फिरवत, अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचून दाखवली. मध्ये बदाम. एका नावात 'ळ' होता, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या माथी मारायचीही सोय नव्हती. चौकटीचं लाकूड नव्वद वर्षांच्या धुराने काळपट झालेलं, आणि कोरलेल्या रेघा आतून पिवळ्याधमक. म्हणजे घाव ताजा होता.

मुलाच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. एवढ्या दूर, रानात, आपली अक्षरं भेटली म्हणून. त्याला काय सांगायचं ते मला त्या क्षणी सुचलं नाही.

रायगडावर, सिंहगडावर, लोहगडावर अशी नावं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती बघून चडफडलो आहोत. पण तिथे बुरूज दगडाचा असतो. इथली भिंत लाकडाची आहे. लाकडाला चीर गेली की पाणी आत शिरतं, पाण्यामागून बुरशी येते, आणि मग तो ओंडका तिथून भुसभुशीत व्हायला लागतो. सहा महिने पाऊस आणि धुकं असलेल्या या मुलखात हे फार वेगाने होतं.

ही केबिन मला जवळची आहे ती आईमुळे. सहा वर्षांपूर्वी ती इथे आली होती, तेव्हा तिला पहिल्यांदा तिथे नेलं. खरं सांगायचं तर भीत भीतच नेलं. वीज नाही, नळ नाही, शौचालय बाहेर वीस पावलांवर. सत्तरीतल्या बाईला हे कशाला, असं घरातही बोलणं झालं होतं. पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि लोखंडी शेगडी पेटेना. ओली ढलपी, भरमसाट कागद, काडीवर काडी. खोलीभर धूर झाला. आई थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "सर बाजूला." तिने आधी धुराड्याची नळी वरपासून खालपर्यंत हाताने चाचपली, झडपेची मूठ सापडताच ती फिरवली आणि म्हणाली, "वाट बंद ठेवून धूर जाणार कुठे?" मग कोयत्याने सीडरच्या बोटभर जाडीच्या काटक्या काढल्या, त्यांची मोकळी जाळी रचली. दहा मिनिटांत निखारे झाले. राजापूरकडच्या घरात तिने लग्न होईपर्यंत चूल फुंकलेली होती. अमेरिकेत आल्यापासून महिनाभर ती माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी वावरत होती. त्या संध्याकाळी तिला तिचं घर सापडलं. पिठलं-भात तिनेच केला.

सकाळी ती अंगणात उभी राहून छपराकडे बघत होती. या केबिन्सवर कौलं नसतात. सीडरचा ओंडका उभा फोडून काढलेल्या चिरफळ्या कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. काही ठिकाणी शेवाळ चढलं होतं, एका कोपऱ्यात चार-पाच चिरफळ्या नव्या होत्या, रंगाने वेगळ्या. आईने विचारलं, "याची शाकारणी कोण करतं?"

कोकणातल्या माणसाला पडणारा हा पहिला प्रश्न. वैशाखात घर शाकारलं नाही, तर मृगात वाशावर पाणी येतं आणि तीन वर्षांत घर बसतं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. "सरकार करत असेल," म्हणाले. आई म्हणाली, "सरकार शिडी लावून वर चढतं होय?"

पुढे ते उत्तर मी शोधलं. आपल्यातल्या पुष्कळांना ते माहीत नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी खाती आहेत. आपण रेनियरला, यलोस्टोनला जातो ती पार्क्स. फॉरेस्ट सर्व्हिस हे कृषी मंत्रालयाखालचं खातं, 1905 साली निघालेलं. त्याच्याकडे 154 राष्ट्रीय अरण्यं आहेत, सुमारे 7.8 कोटी हेक्टर जमीन, म्हणजे अडीच महाराष्ट्र. एवढ्या रानावर लक्ष ठेवायला सुरुवातीला रेंजर, म्हणजे खात्याचे वनरक्षक, घोड्यावरून फिरत. एका दिवसाची मजल संपेल तिथे मुक्कामाला घर हवं, म्हणून ही ओंडक्यांची घरं उठली. आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. हूड कॅनाल या समुद्राच्या फाट्यापलीकडे, डकाबुश नदीच्या खोऱ्यात इंटरोरेम नावाची केबिन आहे. 1907 साली बांधलेली. वायव्य अमेरिकेत फॉरेस्ट सर्व्हिसने बांधलेल्या घरांतलं हे सर्वांत जुनं उभं असलेलं घर. एमरी फिंच नावाच्या रेंजरने ते बांधलं आणि लग्न करून नव्या नवरीला घेऊन तिथेच राहायला आला. केबिनच्या अंगणातून एक पायवाट खाली नदीच्या डोहाकडे जाते. तिथे रेंजर मासे धरत, म्हणून त्या डोहाचं नावच 'रेंजर होल'. आज तुम्ही-आम्ही पैसे भरून त्या घरात झोपू शकतो.

(त्या रानाची गोष्ट रेंजरपासून सुरू होत नाही, हेही लक्षात असू द्या. हूड कॅनालचा तो सगळा किनारा स्कोकोमिश आणि स्क्लालम या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा. 1855 च्या पॉइंट नो पॉइंटच्या तहाने तो त्यांच्याकडून घेतला गेला. मुलांना केबिनची गोष्ट सांगताना ही आधीची गोष्ट गाळू नये असं मला वाटतं.)

दुसऱ्या तऱ्हेची घरं म्हणजे डोंगरमाथ्यावरचे टेहळणीचे मनोरे, ज्यांना इथे लुकआउट म्हणतात. त्यांच्यामागे एक आग आहे. 1910 च्या ऑगस्टमध्ये, 20 आणि 21 तारखेला, आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टनच्या सीमेवर वादळी वाऱ्याने वणवे पेटले आणि दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर रान जळालं. 85 च्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली. पाच वर्षं वयाच्या त्या खात्याने मग धसकाच घेतला. धूर दिसताक्षणी आग गाठायची, हे धोरण झालं. त्या धोरणाने पुढे रानात सरपण साठत गेलं आणि आजच्या प्रचंड वणव्यांना तेही एक कारण झालं, पण तो वेगळा विषय. धूर दिसायला उंचावर माणूस हवा, म्हणून शिखराशिखरावर या खोल्या बांधल्या गेल्या. ठरावीक मापाची खोली, 14 फूट बाय 14 फूट, चारही बाजूंना काचा. लाकूड खालीच कापून, खेचराच्या पाठीवर बसेल एवढ्या गठ्ठ्यांत बांधून वर न्यायचं आणि माथ्यावर जोडायचं. मध्ये एक गोल नकाशा आणि त्यावर फिरणारी दुर्बिणीविना नुसती नेम धरायची पट्टी, म्हणजे ऑस्बोर्न फायरफाइंडर. दोन शिखरांवरून दोन माणसांनी दिशा कळवली की रेघा छेदतात तिथे आग. वीज कडाडायला लागली की ती अंगातून जाऊ नये म्हणून राखणदार काचेच्या पायांच्या स्टुलावर उभा राही. स्कायकोमिशच्या वरच्या रानात एव्हरग्रीन माउंटनवरची अशी खोली 1935 सालची आहे.

यातलं पुष्कळ बांधकाम सीसीसीच्या, म्हणजे सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या, पोरांनी केलं. महामंदीत, 1933 साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी ही योजना काढली, ती 1942 पर्यंत चालली. तीसेक लाख तरुण तिच्यातून गेले. महिन्याला पगार 30 डॉलर. त्यातले साधारण 25 डॉलर परस्पर घरी जायचे. आईला हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे मनीऑर्डर." तिचे दोन्ही मामा मुंबईला गिरणीत होते. गाव दरमहा पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. ओंडक्याच्या कोपऱ्यावर, जिथे दोन भिंती एकमेकींत अडकवलेल्या असतात, तिथल्या कुऱ्हाडीच्या खुणा अजून दिसतात. कोणा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या हातच्या त्या खुणा आहेत. जी नावं कोरली गेली ती या खुणांपासून दीड हातावर आहेत, म्हणून मला जास्त लागलं.

मग विमानं आली, रस्ते झाले, रेंजर गाडीने फिरू लागले. ही घरं रिकामी पडली. कितीतरी लुकआउट खात्याने स्वतःच पाडले, काही तर जाळून टाकले, कारण रिकामी इमारत म्हणजे कोणी पडलं-झडलं की डोक्याला ताप. 1966 साली ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा कायदा आला, जुन्या वास्तूला हात लावण्याआधी विचार करणं बंधनकारक झालं. पण कायद्याने घर पडायचं थांबत नाही. घर टिकतं ते राबत्याने. दार उघडलं जातं, शेगडी पेटते, कोणी तरी गळकी जागा बघून कळवतं, म्हणून टिकतं. केबिन भाड्याने देण्यात खरी मेख ही आहे. आणि 2004 च्या कायद्याप्रमाणे असं जमलेलं शुल्क वॉशिंग्टन डीसीच्या तिजोरीत विरघळत नाही. साधारण 80 टक्के ज्या जागी जमलं तिथल्याच कामावर खर्च करायचं असतं.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं: शाकारणी आपण करतो, भाड्याच्या पैशाने. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे स्वयंसेवक. आसपासच्या गावचे निवृत्त सुतार, शिक्षक, जुने राखणदार. सुट्टीच्या दिवशी शिडी लावून खरोखर वर चढणारी माणसं. हिस्टॉरिकॉर्प्स नावाची एक संस्था आहे, 2009 पासूनची. ती देशभर अशा जुन्या वास्तूंवर स्वयंसेवक घेऊन जाते, कुजलेला ओंडका कापून त्या जागी नवा कसा बसवायचा ते हाताला धरून शिकवते.

आता आपल्याबद्दल. मी इथे सोळा वर्षं आहे आणि आपण कसे फिरतो ते मला माहीत आहे, कारण मीही तशीच फिरले आहे. पाच कुटुंबं, मोठं घर, गरम पाण्याचा टब, शुक्रवारी रात्री मिसळ, शनिवारी दिवसभर पत्ते. त्यात वाईट काही नाही. पण मग कोणी तरी या केबिनचा फोटो बघतं, शंभर डॉलरच्या आत रात्र मिळते हे बघतं, आणि तीच पद्धत तिथे नेतं. चार जणांच्या केबिनमध्ये अकरा जण झोपल्याचं मी ऐकलं आहे, एका माळ्यावर सहा. केबिनची मर्यादा सोयीसाठी नसते. त्या जमिनीखालच्या तुळया, तो एकच शौचाचा खड्डा, तो अरुंद दरवाजा, आग लागली तर बाहेर पडायचा वेळ, हे सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं.

इथे खानसामा नाही, चौकीदार नाही. मेळघाटात कोलकासला सिपनाकाठच्या विश्रामगृहात आपण जातो तेव्हा कोणी तरी हजर असतं, चादर बदलतं, चहा विचारतं. इथे तुम्हाला कुलपाचा आकडा कळवतात आणि घर तुमच्या हवाली करतात, एवढंच. तुम्ही निघताना जे कराल तीच त्या घराची झाडलोट. तुम्ही सांडलेलं तेल पुढच्याला दिसतं. पुढच्याआधी उंदरांना दिसतं. हे उंदीर नुसता त्रास देत नाहीत. इथल्या डिअर माइसच्या लेंड्या-मुतातून हंटाव्हायरस पसरतो, आणि त्याने माणसं दगावतात. म्हणून लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते. हातमोजे घालायचे, ब्लीचचं पाणी मारून पाच-दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग कागदाने पुसून घ्यायचं. डब्याबाहेर दाणासुद्धा ठेवायचा नाही. फोडणीचं तेल सिंकमध्ये नाही, झाडाच्या बुंध्याशी नाही, बाटलीत भरून घरी. हे मी शिकवायचा आव आणत नाही, पहिल्या खेपेला मीही भाताची पेज केबिनमागे ओतली होती आणि पहाटे तिथे अस्वलाचे ठसे होते.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्यात जास्त होते, म्हणून स्पष्ट लिहिते. बऱ्याच केबिन्सचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. आपल्यातले संगणकवाले बरोबर त्या मिनिटाला बसतात आणि जुलै-ऑगस्टचे तीन-तीन शनिवार धरून ठेवतात, 'बघू, जमेल ते ठेवू' म्हणून. उरलेले आदल्या आठवड्यात सोडतात, किंवा सोडतही नाहीत. ज्या रात्री केबिन रिकामी राहते त्या रात्री शेगडी पेटत नाही, आणि सहा महिने वाट बघितलेलं कोणी तरी घरी बसतं. एकच तारीख धरा. आणि जमत असेल तर नोव्हेंबरात जा, मार्चमध्ये मधल्या वारी जा. रस्ता उघडा आहे का ते रेंजर कचेरीत फोन करून विचारा. पावसात त्या छपराखाली बसल्याशिवाय ते छप्पर काय करतं हे कळत नाही.

सप्टेंबरातल्या त्या दुपारी मला वाटलं, गाडीत सँडपेपर आहे, घासून टाकावीत ती नावं. हातात घेतलाही. मग आधी रेंजर कचेरीत विचारावं म्हणून थांबले. सोमवारी फोन केला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, कृपा करून काही घासू नका. ऐतिहासिक चौकट आहे, चुकीच्या हाताने घासली तर मूळ रंधा मारलेला पृष्ठभाग जातो, तो परत येत नाही. आमचा माणूस बघेल, नोंद होईल, मग काय करायचं ते ठरेल. फोटो पाठवा. मी पाठवले. तिने विचारलं, ही कुठली भाषा आहे? मी सांगितलं.

केबिनमध्ये एक वही असते, बहुतेक केबिन्समध्ये असते. आलेल्यांनी दोन ओळी लिहून जायच्या. कोणी हिमवादळात तीन दिवस अडकलेलं, कोणी बापाची राख नदीत सोडायला आलेलं, कोणा मुलीने काढलेलं घुबड. सहा वर्षांपूर्वीच्या वहीत आईने मराठीत लिहिलं होतं, 'शेगडीची झडप उभी ठेवा, म्हणजे उघडी असते.' खाली मी इंग्रजीत त्याचा अर्थ लिहिला. तिच्या खाली दुसऱ्या कोणी तरी, वेगळ्या शाईत, आभार मानले होते. आपली अक्षरं त्या घरात राहायला जागा आहे, ती ही.

माझी मागणी आपल्या मंडळींकडे आहे. वर्षाला आपण तीन सहली करतो. त्यातल्या एकीच्या जागी श्रमदान करू या. शिवजयंतीच्या आधी गडावर जाऊन टाक्यातला गाळ काढणारे, बुरजावरची झुडपं उपटणारे कितीतरी जण आपल्यात आहेत. मी तुमच्यापैकी काहींचे कॉलेजातले फोटो पाहिले आहेत, डोक्यावर घमेली घेतलेले. ते हात अजून तेच आहेत. मी रेंजर कचेरीला विचारून ठेवलं आहे. वसंतात, बर्फ गेल्यावर, त्यांच्या माणसाच्या देखरेखीखाली छपरावरचं शेवाळ काढायचं, गटारं मोकळी करायची, लाकूड फोडून रचायचं असं एक दिवसाचं काम ते आठ जणांना देऊ शकतील. तारीख ते कळवतील.

आणि ज्याने ती नावं कोरली, त्याला. तुझं नाव मी इथे लिहिलेलं नाही आणि कचेरीलाही वाचून दाखवलं नाही, फक्त भाषा सांगितली. मी तुला ओळखत नाही, पण तू हे वाचशील असं वाटतं. त्या आठ जणांत तू ये, तीही आली तर बरं. दोघांच्या जागा मी धरून ठेवते आहे. सकाळी सहाला निघावं लागेल, माझ्या गाडीतून जाऊ. हातमोजे आणि डबा आपापला.

आपली,
राजापूरच्या माहेरवाशिणीची लेक
मुक्काम रेडमंड